बारदानाखालचा आवाज

नोकरीच्या आठवणी निवृत्त माणसांनी लिहायच्या असतात, असं मला वाटत होतं. मी अजून कॉलेजात आहे. सकाळी धुळ्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे तास करते आणि दुपारनंतर एका छोट्या कंपनीत काम करते. या अंकाच्या संपादक मॅडम म्हणाल्या, "तुझ्या कामाबद्दल लिही." मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू नेमकं काय करतेस ते आम्हाला कुणालाच कळत नाही, म्हणून तर लिही." हे मात्र खरं होतं. ते माझ्या आईलाही कळत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुट्टीला गावी गेले की मला कामाचा हिशेब द्यावा लागतो. पहिल्या वर्षी आईनं चुलीपुढे बसवून आमच्या अहिराणीत विचारलं, "तू तठे काय करस?" मी सांगितलं की व्यापाऱ्यांचे कॉम्प्युटर बंद पडू नयेत, म्हणून आम्ही काळजी घेतो. आई म्हणाली, "बंद पडनं म्हणजे नीट करतस?" मी म्हटलं, तेही करतो, पण खरं काम म्हणजे ते बंदच पडू द्यायचं नाही. ती म्हणाली, "म्हणजे काहीच व्हत नही, त्याना पैसा देतस तुले?"

वडील ओसरीवर बिडी ओढत होते. ते ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतात. टाकी भरायची आणि गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवायचे. ते आत न बघताच म्हणाले, "मना बी तेच काम शे." त्यानंतर आईनं कधी विचारलं नाही.

आमची गिऱ्हाइकं धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत पसरलेली आहेत. जळगावच्या डाळमिल आहेत, सावद्याचे केळीचे व्यापारी आहेत, शिरपूरकडचे धान्याचे आडते आहेत. यांच्याकडे एक मुख्य कॉम्प्युटर असतो, त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. बाकीचे कॉम्प्युटर, वजनकाटा, पावतीचं यंत्र असं सगळं त्याला जोडलेलं असतं. तो थांबला की दुकान थांबतं. माल थांबत नाही, ही अडचण आहे. केळीचा घड कापला की तो पिकायला लागतो. मका भरलेली ट्रॉली रस्त्यावर उभी राहिली आणि वरून पाऊस आला, तर त्या मक्याला कोंब येतात.

यंत्रं बंद का पडतात, यावर आमच्या अभ्यासक्रमात एक मोठा धडा आहे. खानदेशात मी पाहिलेली कारणं त्या धड्यात फार नव्हती. एका डाळमिलमधला सर्व्हर सारखा गरम होऊन बंद पडायचा. मी खोलला तर पंख्यात तुरीची चुनी इतकी साठली होती की एका माणसाचं वरण झालं असतं. मालक म्हणाले, "आमच्या नाकात पण तेवढीच असते ताई, आम्ही कुठं बंद पडतो?" आम्ही तो सर्व्हर मिलच्या हद्दीतून उचलून पलीकडच्या ऑफिसात नेला आणि भिंतीतून वायर काढली. एवढंच. तेव्हापासून तो चालू आहे आणि त्या मालकांना माझं नावही आठवत नसेल. आमच्या कामात हे चांगलं लक्षण समजतात.

सगळंच असं जमत नाही. जळगावात एक फोटोवाले काका आमच्याकडे आले होते. त्यांच्याकडे लग्नांच्या फोटोंची दुसरी प्रत होती, पण ती त्याच टेबलाच्या खणात होती. शॉर्ट सर्किट झालं, टेबल जळलं, दोन्ही प्रती गेल्या. घराची दुसरी किल्ली करून घ्यावी आणि ती पहिलीच्याच जुडग्यात अडकवावी, तसं झालं. माझे मालक सोनवणे सर आणि मी, दोघांनी खूप प्रयत्न केले. काही निघालं नाही. काका आमच्या ऑफिसातल्या बाकावर बसूनच एकेका घरी फोन करत होते. "बाई, तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो गेले," असं ते प्रत्येकाला सरळ सांगत होते. दोष कुणावर ढकलत नव्हते. आम्ही त्यांच्याकडे आधी पोचायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण आम्हाला ते तेव्हा माहीतच नव्हते.

क्लाउड म्हणतात ते याचसाठी असतं. तुमच्या प्रतीची आणखी एक प्रत लांबच्या एखाद्या शहरातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर रोज पाठवायची. म्हणजे दुसरी किल्ली दुसऱ्या गावातल्या मावशीकडे ठेवायची. पण मावशीकडची किल्ली कुलपाला लागते का, हे मधूनमधून लावून बघावं लागतं. माझं निम्मं काम हे लावून बघण्याचं आहे.

आता मी शिरपूरची गोष्ट सांगते. हे गिऱ्हाईक सोनवणे सरांनी पूर्णपणे माझ्यावर सोपवलं होतं. असं पहिल्यांदाच झालं होतं, म्हणून मला ते जास्त आठवत असेल.

मोतीशेठ यांचं घराणं राजस्थानातून आलं, त्याला तीन पिढ्या झाल्या. त्यांची आडत आहे आणि आवाराच्या तोंडाशी स्वतःचा भुईकाटा आहे. भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट. त्याच्यावर अख्खी ट्रॉली चढते, शेजारच्या केबिनमधल्या डब्यावर वजन दिसतं, सर्व्हर ते लिहून ठेवतो आणि पावती निघते. खिडकीत शोभाअक्का बसतात. पन्नाशीच्या पुढच्या आहेत. कॉम्प्युटर आला तेव्हा शेठनी त्यांना काढलं नाही, शिकवलं. पण अलीकडे ते अधूनमधून म्हणत, "काट्यावर आता एखादा शिकलेला पोरगा बसवावा." अक्कांनी हे ऐकलं होतं. त्यांनीच ते मला सांगितलं होतं, हसत हसत, पण दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हसल्या नाहीत.

दिवाळी नुकतीच झाली होती. मक्याचा हंगाम भरात होता. मी धुळ्याहून एस.टी.नं गेले, तर तापीचा पूल संपतो तिथपासूनच ट्रॉल्या उभ्या होत्या. केबिनमध्ये शिरले, सर्व्हरकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. त्याच्यावर बारदानाच्या तीन-चार घड्या घालून, वरून आणखी एक बारदान गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. लहान बाळाला थंडीत गुंडाळतात तसं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मी," अक्का म्हणाल्या. "सारखं वरडस ते. म्हणीसन झाकी ठेयेल शे."

मी सुतळी सोडली. पत्रा भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. आणि मग तो आवाज मोकळा झाला. टीं, टीं, टीं. खिडकीबाहेर ट्रॉलीवर बसलेल्या माणसानं लगेच मान वळवली. अक्कांनी माझ्या हातातलं बारदान घेऊन परत टाकलं.

हा आवाज कशाचा, ते सांगते. त्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या आणि दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जाई. बैलजोडीसारखं. एक लंगडा झाला तरी दुसरा गाडी घरापर्यंत नेतो. पण लंगडा झाला हे धन्याला कळलं पाहिजे, म्हणून यंत्र ओरडतं. एक डिस्क मेली होती. यंत्र कितीतरी दिवस ते सांगत होतं, आणि अक्कांनी त्याचं तोंड बांधलं होतं.

त्यांनी असं का केलं, हे मी खूप वेळानं विचारलं. आधीच विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "तू आठे बसीसन पाय एकदाव. ट्रॉली काटावर चढस आणि तेच टायमाले हाई वरडस. शेतकरी म्हणस, काटा काबर वरडी राह्यना? मापमा काही तरी शे. एक जण तर ट्रॉली उतराडीसन दुसरा काटावर गया. वजन तेच उनं, पण गावभर बोभाटा व्हई गया ना."

आमच्या कंपनीत कुणालाही हे सुचलं नसतं. बाजारात काट्याला दुसरं काही नसतं, फक्त लोकांचा विश्वास असतो. वजन दाखवणारा डबा वेगळा आणि लिहिणारं यंत्र वेगळं, हे मला माहीत होतं. खिडकीबाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की त्याचा मका पाटावर चढला की आत काहीतरी ओरडतं. अक्कांनी शेठचं नाव वाचवायला ते बारदान टाकलं होतं. त्याच बारदानानं उरलेली डिस्कही भाजायला सुरुवात केली होती.

"शेठले सांगू नको, पोरी," त्या म्हणाल्या. "बहाणाच पाहिजे शे त्यासले."

मी आवाज बंद करण्याची सोय केली आणि बारदान काढून टेबलफॅन लावला. प्रत क्लाउडवर रोज एकदा जात होती, ती दर तासाला जाईल असं केलं. मग सरांना फोन लावला. त्यांनी मला नीट समजावलं. यंत्र जुनं आहे, तशी डिस्क आता मिळणार नाही. उरलेल्या डिस्कवर जास्त भार टाकला तर तीही जाईल. नवीन सर्व्हर पाठवतो. पण जुन्यावरून नव्यावर सगळं न्यायचं, तपासायचं, तर दिवसभर काटा बंद लागेल. "त्यांना विचार, बंद कधी असतं."

मी शेठजींच्या गादीसमोर जाऊन बसले. पाणी आलं, चहा आला.

"शेठजी, एक दिवस काटा बंद ठेवावा लागेल."

"हंगामात?" ते हसले. "बेटा, ही रांग बघितली का? हातानं पावत्या करू म्हटलं तर रांग नदीपार जाईल."

"रविवारी?"

"रविवारी तर जास्त गर्दी."

"मग बंद असतं कधी?"

"अमावस्येला. हमाल-मापाडी येत नाहीत, लिलाव होत नाही."

मला एकदम हलकं वाटलं. "मग अमावस्येलाच येते."

शेठजींनी कप खाली ठेवला. "अमावस्येला नवीन यंत्र बसवायचं? तू शिकलेली पोरगी आहेस, मान्य. पण माझ्या आजोबांपासून या गादीवर अमावस्येला नवं काही सुरू झालेलं नाही."

मी थोडं धाडस केलं. "दिवाळीला लक्ष्मीपूजन अमावस्येलाच केलंत ना?"

"पूजा केली. काटा चालवला का?" त्यांच्याकडे उत्तर तयारच होतं. "हंगाम संपू दे. मग दोन दिवस बंद ठेव."

फोनवर सर म्हणाले, "त्यांना सांग, हे विज्ञान आहे." मी ते सांगितलं नाही. माझी आई मला अजून अमावस्येला प्रवासाला निघू देत नाही, आणि मी निघतही नाही. मग शेठजींना कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणजे असं झालं होतं. ज्या एका दिवशी यंत्राला हात लावता येत होता, त्याच दिवशी कुणी हात लावू देत नव्हतं. आणि हंगाम संपायला बरेच दिवस होते. उरलेली डिस्क तोवर टिकली, तर कुणाला काही कळणार नव्हतं. नाही टिकली, तर भर रांगेत काटा थांबणार, मका उघड्यावर राहणार, शेठजी कारण विचारणार आणि कारण म्हणून बारदान निघणार. गिऱ्हाईक माझं होतं, पण खुर्ची अक्कांची जाणार होती.

मी रोज शिरपूरला जाऊ शकत नव्हते, आणि त्या जुन्या यंत्राला फोनवर निरोप पाठवता येत नव्हता. परीक्षा जवळ आली होती. म्हणून मी अक्कांना डिस्कशेजारचा छोटा दिवा दाखवला. हिरवा असला तर बरं आहे. पिवळा झाला तर आजारी आहे, मला लगेच सांगा. त्या दिवसापासून सकाळी मी कॉलेजच्या पायऱ्या चढत असताना फोन यायचा. अक्का नमस्कार, बरी आहेस का, असलं काही बोलायच्या नाहीत. "हिरवा शे," म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या.

अमावस्या जवळ आली असताना एका सकाळी त्या म्हणाल्या, "पोरी, पिवळा व्हई गया."

मी तास सोडला आणि गेले. सोनगीर, नरडाणा, प्रत्येक थांब्यावर गाडी नेहमीपेक्षा जास्त थांबते आहे, असं वाटत होतं. केबिनमध्ये पोचले तेव्हा काटा अजून चालू होता. अक्कांनी एका शेतकऱ्याला पावती दिली, खिडकीला पाटी लावली आणि उठल्या. "चाल शेठकडे."

"काय सांगणार आहात?" मी घाबरले.

"तू काही बोलू नको."

शेठजी गादीवर होते. अक्का उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. "शेठ, अमावस्येले काटाखालना खड्डा कोण साफ करस?"

"तूच करतेस. हे काय विचारणं झालं?"

हे मला तेव्हाच कळलं. भुईकाट्याखाली खड्डा असतो. त्यात दाणे, माती, चिखल साठतो आणि पाट अडखळतो. या काट्याचा खड्डा दर अमावस्येला उपसतात, मग वीस-वीस किलोची वजनं पाटावर ठेवून माप बरोबर येतं का ते बघतात. शेठजी स्वतः उभे राहून ते करून घेतात.

"काटानं पोट साफ करतस आपण अमावस्येले," अक्का म्हणाल्या. "डोकं साफ कराले काय व्हस?"

शेठजींनी हिशेबाची वही मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साफसफाईच करणार ना? नवं सुरू नाही करायचं."

मी विचारून टाकलं, "शेठजी, नुसती वीज जोडून नवं यंत्र तपासलं, तर ते सुरू झालं असं होतं का?"

त्यांनी खरोखर विचार केला. हे मला फार आवडलं. वरवर उत्तर दिलं नाही. "नाही," ते शेवटी म्हणाले. "पहिली ट्रॉली चढेल तेव्हा सुरू."

"मग पहिली ट्रॉली प्रतिपदेला चढवू."

"नारळ आणून ठेव, अक्का," ते म्हणाले.

सरांना सांगितलं तेव्हा ते फोनवर मोठ्यानं हसले. "अगं, मोठमोठ्या कंपन्या आपल्याला तपासायला अख्खा दिवस देत नाहीत! शेठनी दिला!"

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी मी शिरपूरला मैत्रिणीकडे मुक्कामाला गेले, म्हणजे अमावस्येला प्रवास नको. सकाळी आवारात गेले तर सगळं सामसूम होतं. एवढं मोठं आवार आणि त्यात फक्त चिमण्या, सांडलेले दाणे टिपणाऱ्या. अक्का पदर खोचून दोन बायांबरोबर खड्डा उपसत होत्या. मी केबिनमध्ये जुन्या सर्व्हरवरचं सगळं सरांनी पाठवलेल्या नव्यावर नेत होते. मध्येच मी मावशीकडची किल्ली लावून बघितली, म्हणजे क्लाउडवरची प्रत आणून तपासली. ती लागत होती. तेव्हा कुठे मी पहिल्यांदा पाणी प्यायले.

सगळं उतरल्यावर जुनं यंत्र खोललं. आत मक्याचा चुरा होता आणि पंख्याच्या पात्यांना तागाचे धागे गुंडाळलेले होते. त्याच वेळी शेठजी दारात आले.

त्यांनी वाकून एक धागा उचलला. बारदानात जन्म गेलेला माणूस. त्याला ताग ओळखायला चष्मा लागत नाही. "हा आत कसा गेला?"

मी म्हणाले, "धूळ आणि उष्णता, शेठजी. यंत्र जुनं होतं." यातलं काही खोटं नव्हतं, पण त्यांनी जे विचारलं होतं त्याचं हे उत्तरही नव्हतं.

मागून अक्का आल्या. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. "बारदान मी टाकलं व्हतं, शेठ. वरडे ते. लोके म्हणेत काटा खोटा शे. तुमनं नाव जाई राह्यंतं."

शेठजी धागा बोटांवर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "त्याचं तोंड बंद कर, असं मीच बोललो होतो ना तुला?"

अक्का खाली बघत होत्या. "बोलेल व्हतात."

"हं," शेठजी म्हणाले आणि निघून गेले. उद्याबद्दल काही बोलले नाहीत. दुपारी अक्कांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी माझ्यातली भाकरी पुढे केली. "राहू दे," म्हणाल्या. यंत्र पुढच्या क्षणाला काय करील, याचा थोडा अंदाज मला आहे. शेठजी काय करतील, याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग पुन्हा होती. शेठजी नारळ घेऊन आले. केबिनमध्ये एकच खुर्ची. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या, मी कोपऱ्यात. शेठजींनी नारळ फोडला, यंत्राला लांबूनच हळद-कुंकू दाखवलं (मी आधीच विनंती केली होती), आणि म्हणाले, "बसा अक्का. पहिली पावती काढा."

अक्का बसल्या. पहिली ट्रॉली चढली. पावती निघाली.

पण माझं एक काम राहिलं होतं. दोन डिस्क आहेत म्हटलं, तर एक गेल्यावर दुसरी खरंच ओढते का, हे सगळं चालू असतानाच बघावं लागतं. नवीन यंत्रातली एक डिस्क मुद्दाम बाहेर ओढायची आणि पावती निघते का ते पाहायचं. त्यात यंत्र ओरडणार, हे मला माहीत होतं. मी शेठजींना सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील रांग नसताना कर. ते म्हणाले, "आत्ताच कर."

दुसरी ट्रॉली पाटावर आली. मी डिस्क ओढली. टीं, टीं, टीं. तोच आवाज, फक्त जास्त मोठा. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. पाटावरच्या ट्रॉलीवर एक म्हातारे नाना बसले होते, डोक्याला रुमाल गुंडाळलेले. ते खाली उतरून खिडकीशी आले. "हाऊ काटा काबर वरडी राह्यना वं?"

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, अक्कांकडे पाहिलं.

अक्का खुर्चीवरून उठल्या. खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या. "काटा नही वरडत, नाना. काटा बाहेर शे, तुमना पायखाले. हाई आत लिखणारं यंत्र शे. त्याले दोन हात शेतस. एक हात आम्ही आत्तेच धरी ठेवा, दुसरा हात लिखस का ते पाह्यासाठे. त्याले दुखस, ते सांगी राह्यनं. सांगाले नको का त्यानी?"

नाना म्हणाले, "आणि माप?"

"अक्का, वजनं आणायला सांगा," शेठजी म्हणाले. कालच धुऊन ठेवलेली वीस-वीस किलोची वजनं हमालांनी आणली. नानांची ट्रॉली खाली उतरवून वजनं पाटावर ठेवली, सगळ्यांसमोर. यंत्र ओरडतच होतं. डब्यावरचा आकडा नानांनी स्वतः मोठ्यानं वाचला, शेजारच्या माणसानं वजनं मोजून तोच सांगितला. मग ट्रॉली परत चढली, पावती निघाली. मी डिस्क आत सारली. आवाज थांबला.

नाना पावती खिशात घालता घालता म्हणाले, "मना गुडघा बी असाच बोंबलस. कोन्ही आयकत नही." रांगेत हसू पसरलं.

"आणखी कुणाला काही विचारायचं असलं तर अक्कांना विचारा," शेठजींनी रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं आणि ते गादीकडे गेले. शिकलेल्या पोराचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही, असं अक्का म्हणतात.

मी त्यांना म्हटलं होतं की नवीन यंत्राचा आवाज बंद करून देते, काही झालं तर निरोप थेट माझ्या फोनवर येईल. त्या नको म्हणाल्या. "वरडू दे. मी सांगसू लोकेसले."

शिरपूरबद्दल मला पुढे लिहिण्यासारखं काही नाही. हंगाम गेला, दुसरा आला. मध्ये एकदा अवकाळी पाऊस झाला, पण रांग पावसाआधी संपली होती. तिथे काही घडलं नाही. आवाज चालू ठेवला, तरी माझ्या फोनवर नवीन यंत्राचा निरोप दर तासाला आपोआप येतो, तेव्हा अक्कांनी फोन करायची खरं तर गरज उरलेली नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सकाळी कॉलेजच्या पायऱ्यांवर फोन वाजतो.

"हिरवा शे," त्या म्हणतात आणि ठेवून देतात.